घाटमाथ्याचा पाऊस आणि माणदेशची हवा



ईदच्या शीरखुर्म्यात आपण जो बेदाणा घालतो, तो बहुधा तासगावकडचा असतो. तो महाबळेश्वरला का होत नाही, हे उमगले म्हणजे सातारा-सांगलीचा निम्मा भूगोल उमगला.

अरबी समुद्रावरून आलेला मोसमी वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि घाटमाथ्यावर रिता होतो. सुमारे ४,५०० फूट उंचीच्या महाबळेश्वरला म्हणूनच वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी आहे. तिथे जेमतेम पाचशे. आटपाडी-जतची गत तीच. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी अवघ्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणदेशाचा वर्षाचा वाटा एका दिवसात! तेच पाणी कोयना-कृष्णेने खाली आणले आणि सांगलीत पूर आला.

घाटावर भात, नाचणी होते. पाऊस ओसरला की स्ट्रॉबेरीची लागण. पूर्वेला ज्वारी, बाजरी, डाळिंब आणि द्राक्ष. द्राक्षाला पाणी मुळाशी हवे, घडावर नको. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षे द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरतात आणि कोरडी हवा दोनेक आठवड्यांत त्यांचा बेदाणा करते. ज्या हवेला आपण दुष्काळी म्हणून नावे ठेवतो, तिचीच ही कमाई होय.

पण मार्चमध्ये एक अवकाळी सर आली तरी माल काळा पडतो, भाव उतरतो. शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायांची मजुरी बुडते, बागवानांचा व्यापार अडतो. आणि जूनमधील वह्या-पुस्तकांचा पैसा यातूनच यायचा असतो. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. सर बागेवर पडली आणि केंद्रावर पडली नाही, तर हात रिकामे!

म्हणून विद्यार्थ्यांनो, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा. तुमच्या वहीवर विमा मिळणार नाही, हे आधीच सांगतो. पण गावाजवळ केंद्र मागताना पालकांच्या हाती चार वर्षांचे आकडे तरी असतील. मापक झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून लिहावे, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. वेधशाळेची वेळही हीच आहे.