कुंपण: पाऊण सरकारचं, पाव शेतकऱ्याचं

नागपूर जिल्ह्यात पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला जंगलांच्या कडेला रानडुक्कर एका रात्रीत उभं पीक लोळवतं. मग कुणी बांधावरच्या तारेत घरगुती वीज सोडतं. 2017 च्या एप्रिलमध्ये उमरेडचा वाघ श्रीनिवास अशाच तारेला चिकटून नागभीड तालुक्यात मेला. शेतातच पुरलेला.

खरं तर यावर उपाय आहे. 2015 च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वैयक्तिक सौर कुंपणासाठी 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली कमी रक्कम शासनाची; उरलेला वाटा शेतकऱ्याचा. या तारेत वीज अखंड वाहत नाही, क्षणभराचे ठोके येतात. जनावर झटक्यासरशी मागे फिरतं, जिवंत.