सायलेन्सरविना मोटार : इंजिनाला अपाय होतो काय?



सायलेन्सर काढून टाकलेल्या वाहनांचा कर्णकटू आवाज नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. अशा वाहनाची शक्ती वाढते, अशी काहींची समजूत आहे. त्याचे इंजिन लवकरच निकामी होते, असे इतर म्हणतात. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे.

जळलेला वायू झडपेतून नळीत वेगाने शिरतो, तेव्हा त्याच्या मागे दाब कमी होतो व इंजिनातील उरलेला वायूही बाहेर ओढला जातो. त्यासाठी नळीची लांबी योग्य असावी लागते. नळी तोडल्यास कमी वेगात इंजिनाची ओढ घटते. हवा व इंधन यांचे प्रमाणही बिघडू शकते. कार्बोरेटर नव्याने जुळवला नाही आणि इंधन कमी पडू लागले, तर उष्णता वाढून कालांतराने झडपा जळतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या पेट्रोल वाहनांत धुराच्या मार्गातच प्राणवायू मोजणारा सेन्सर व धूर शुद्ध करणारे उपकरण असते. तेथे मोडतोड केल्यास इंधनाचे नियंत्रण चुकते. तात्पर्य, सायलेन्सर गळून पडल्यावर गॅरेजपर्यंत नेलेली मोटार सहसा बिघडत नाही. महिनोन्‌महिने तशीच चालविलेली मोटार बिघडू शकते.

तथापि, इंजिनापेक्षा माणसाला असलेला धोका मोठा आहे. मोटारीच्या तळाशी नळी तुटली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गुंगी येते, प्रसंगी प्राणही जातो. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात उघड्या नळीतील ठिणगी वाळलेल्या गवतावर पडली, तर आग लागण्यास वेळ लागत नाही.

म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० ने ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा केला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे.

शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी. पंचायत सदस्यांनी गावातील ट्रॅक्टरमालकांना हंगामापूर्वी नळी व सायलेन्सर तपासून घेण्यास सांगावे. तपासणीचा खर्च अल्प आहे. ती टाळण्याची किंमत मात्र प्राणांनी मोजावी लागू शकते.