मोडेम-राउटर घेताना
(गणेशोत्सवात ज्येष्ठ सभासदांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)

काल इथं भजन रंगलं, उद्या मुलांचं नाटक आहे, आणि मधल्या दिवशी मी मोडेमवर बोलायला उभा आहे. आपल्याकडे घरोघरी मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात असतो आणि नातवंडांचं तोंड दिसतं ते मोबाइलच्या पडद्यावर. म्हणून या डब्याला आता घरात मान आहे.

मोडेम बाहेरून आलेल्या तारेतला संदेश घरातल्या यंत्रांना कळेल असा करतो. राउटर तो मोबाइल, टीव्ही, संगणक यांना वाटून देतो. हल्ली दोन्ही कामं एकाच डब्यात होतात. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड होतं तेव्हा बाजारातून असा डबा आणून सेटिंग केलं की भागायचं. फायबरचं तसं नाही. फायबरच्या डब्याला ओएनटी म्हणतात आणि त्याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत व्हावी लागते. तेव्हा खोक्यावर एडीएसएल किंवा व्हीडीएसएल लिहिलेला डबा स्वस्तात मिळाला तरी फायबरला तो लागणार नाही. फायबरचाच डबा स्वतः विकत घ्यायचा असेल तर कंपनी तो जोडून देईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

माझं मत सांगतो. फायबरचा डबा कंपनीचाच घ्यावा, पण तो डोळे मिटून घेऊ नये. ‘ड्युअल बँड आहे का?’ असं विचारा. म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरी त्यात हव्यात. 2.4 ची लहर भिंतीतून बरी जाते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डबेही तिच्यावरच बोलत असतात, त्यामुळे गर्दी होते. 5 ची लहर वेगवान, पण भिंत आली की दमते. शिवाय तारेचं पोर्ट 100 मेगाबिटचं असेल तर 200 चा प्लॅन घेऊनही तारेनं जोडलेल्या संगणकाला 100 च्या वर वेग मिळणार नाही. आणि बिट म्हणजे बाइट नव्हे. 100 मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात, हे हिशेबी मंडळींनी ध्यानात ठेवावं!

आता खरी अडचण. रामबागेतली जुनी घरं आठवा. जाड भिंती, एकामागे एक खोल्या. जोडणीवाला मुलगा घाईत असतो. तो दाराशीच खिळा ठोकून डबा टांगतो आणि आजीची खोली राहते पार मागं. मग लोक चार अँटेनांचा महागडा राउटर आणतात. त्याची गरज नसते. फायबरची तार पंधरा-वीस मीटर आत नेली म्हणून वेग कमी होत नाही, फक्त ती कोनात दुमडायची नाही. तेव्हा डबा माजघरात, उंचावर लावून घ्या. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागं नको. एवढं करूनही मागं पोचलं नाही, तर माजघरातून मागच्या खोलीपर्यंत लॅनची तार टाकून तिथं एक साधा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून बसवा. तो तुमच्या मालकीचा. उद्या कंपनी बदललीत तरी चालेल. बिनतारी रिपीटर लावणं सोपं, पण साध्या रिपीटरमध्ये वेग निम्म्यावर येऊ शकतो.

डबा बसल्याबरोबर त्याच्या तळाशी छापलेला पासवर्ड बदला. नवा पासवर्ड डायरीत लिहून ठेवा, कारण मुलगा दिवाळीला आला की पहिलं तेच विचारतो.

शेवटचा मुद्दा घरी एकटे राहणाऱ्यांसाठी आहे. जुना टेलिफोन वीज गेली तरी चालायचा, कारण एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेतूनच 48 व्होल्टचा पुरवठा यायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. आता तो फोन डब्यालाच जोडलेला असतो. म्हणजे वीज गेली, डबा बंद, फोनही मुका. रात्री छातीत दुखलं आणि वीज नसली, तर त्या फोनवरून डॉक्टरांना बोलावता येणार नाही. अनेक घरांत इन्व्हर्टर असतो, पण डब्याची पिन नेमकी इन्व्हर्टर नसलेल्या बोर्डात! वायरमनला बोलावून तेवढी बदलून घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. डब्याच्या ॲडॅप्टरवर 12 व्होल्ट असेल तर यूपीएसही 12 चाच हवा, आणि ॲम्पिअरचा आकडा ॲडॅप्टरइतका किंवा जास्त. गल्लीतल्या पेटीतली वीज गेली तर मात्र तुमचा यूपीएस काही करू शकत नाही, म्हणून उशाशी चार्ज केलेला मोबाइल हवाच. हे सगळं झालं की एकदा दिवसाउजेडी मेन स्विच खाली करा आणि लँडलाइनवरून शेजारी फोन लावून बघा.