कोकर विभागातील व्हॉल्व्हची निवड : स्वागताध्यक्षीय भाषण



ज्या गावात खनिज तेलाचा एकही शुद्धीकरण कारखाना नाही, त्या गावाने डिलेड कोकर विभागातील व्हॉल्व्हची चर्चा आपल्या दारी बोलवावी, हे सकृद्दर्शनी धाडसाचे वाटेल. परंतु व्हॉल्व्हचे कवच बहुधा ओतशाळेतच जन्मास येते, आणि ओतशाळांच्या बाबतीत कोल्हापूरच्या उद्यमनगराला कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही, एवढ्या अधिकारावर स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

गुवाहाटीच्या व पुढे बरौनीच्या कारखान्यातील कोकर ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊकच आहे की, कच्च्या तेलातील गुणी अंश निघून गेल्यावर निर्वात ऊर्ध्वपातनाच्या तळाशी जो काळाकुट्ट अवशेष उरतो, तो भट्टीच्या नळ्यांतून सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापवून इतक्या त्वरेने पुढे न्यावा लागतो की, त्याचा कोक व्हायचा तो नळीत न होता ड्रममध्येच व्हावा. एक ड्रम भरत असता दुसऱ्यातील कोक वाफेने निर्मळ करून, पाण्याने निववून, उच्च दाबाच्या जलधारेने कापून काढतात. आणि भट्टीतील प्रवाह या ड्रमावरून त्या ड्रमावर वळविण्याचे काम चौतोंडी स्विच व्हॉल्व्हकडे असते.

या जागी नेहमीचा गेट व्हॉल्व्ह कुचकामी, कारण त्याच्या तळाच्या खोबणीत कोक साचला की पाते पुरते बसत नाही. धातूच्या बैठकीचा बॉल व्हॉल्व्ह अधिक भरवशाचा. त्याच्या बैठका गोळ्याला सदैव भिडलेल्या असल्याने गोळा फिरताना त्यावरील कोक खरवडला जातो, आणि दोन ड्रमांकडे व बायपासकडे जाणाऱ्या तीन द्वारांपैकी एकावरून दुसऱ्यावर सरकताना प्रवाह क्षणभरही कोंडत नाही. तो कोंडला तर भट्टीच्या नळ्यांची काय दशा होईल, हे या सभेला सांगणे औद्धत्याचे होईल.

मात्र गोळ्याभोवतीच्या पोकळीत कोक शिरू नये म्हणून तेथे अखंड कोरडी वाफ सोडावी लागते, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. आमच्या खरेदी-दप्तरांचा शिरस्ता असा की, निविदांच्या तुलनापत्रकात किंमत, वजन, मुदत यांचे रकाने असतात, वाफेचा नसतो. वस्तुतः ही वाफ बॉयलरमध्ये इंधन जाळून करावी लागते, आणि तेलात मिसळलेला तिचा भाग पुढे पाणी होऊन सावर वॉटरच्या, म्हणजे गंधकाने दूषित सांडपाण्याच्या, खाती जमा झाला की त्याच्या शुद्धीचा खर्च निराळाच. हा जमाखर्च काही वर्षांचा मांडला, तर स्वस्तात मंजूर झालेला माल महाग निघण्याचा संभव मोठा. कोक अजून न साचलेल्या कोऱ्या व्हॉल्व्हच्या चाचणीवरून गोळा फिरवणाऱ्या मोटरचे बळ ठरविण्याचा प्रघातही मला तितकाच घातक वाटतो.

१९९८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील अॅनाकॉर्टिस येथे, वादळाने वीज गेल्यानंतर, पुरता न निवलेला ड्रम उघडला गेला आणि सहा माणसे प्राणास मुकली. तो दोष स्विच व्हॉल्व्हकडे जात नाही. पण माणसाला ड्रमच्या तोंडाशी उभेच न करता तळाचे झाकण दुरून सरकविणारे स्लाइड व्हॉल्व्ह, दोन बंद व्हॉल्व्हमध्ये वाफेचा पडदा, आणि एक ड्रम प्रवाहाला जोडलेला असता तो उघडूच न देणारी इंटरलॉकची तजवीज, या तिन्ही गोष्टी मंजुरीच्या पहिल्याच मसुद्यात असाव्यात, नंतरच्या दुरुस्तिपत्रकात नव्हेत.

म्हणून आजच्या पहिल्या बैठकीत कोकर चालविणाऱ्या पाळीप्रमुखांनी प्रथम बोलावे असे समितीने ठरविले आहे. नऊ टक्के क्रोमियमच्या पोलादाचे ओतकाम सच्छिद्र का निघते, याचा जाब आमचे ओतकाम-व्यावसायिक त्यानंतर देतील. खरेदी अधिकाऱ्यांची पाळी भोजनोत्तर ठेवली आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर त्यांच्या हरकतींची धार काहीशी बोथट होईल, असा आमचा अदमास आहे. अध्यक्षमहाराजांनी आसन स्वीकारून कामकाजास आरंभ करावा, अशी विनंती करतो.