मोटारीचे नाव आणि मोटारीचे मोल

मध्यमवर्गीय कुटुंबात घर आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल मोठा खर्च कोणता, असे विचारले तर आज पुष्कळ ठिकाणी मोटारगाडी हेच उत्तर मिळेल. घराची किंमत बहुधा वाढत जाते. लग्नात खर्चलेला पैसा परत येणार नाही, हे आपण धरूनच चालतो. मोटारीचे मात्र या दोन्हींहून निराळे आहे. दारात येऊन उभी राहिल्या दिवसापासून ती स्वस्त होऊ लागते, आणि तरीही काही वर्षांनी तिचे थोडेबहुत पैसे परत येणार असतात. ते किती येतील, हे ती कोणत्या कंपनीची आहे यावर बरेचसे ठरते. म्हणूनच गाडी घेताना पहिला प्रश्न येतो, "घ्यायची कुठल्या कंपनीची?" आणि त्याचे उत्तर बहुधा शेजारी, मेहुणा किंवा कचेरीतला सहकारी देतो.

त्यांचे उत्तर चुकीचेच असते असे नाही. पण त्यात दोन प्रश्न एकात एक मिसळलेले असतात. गाडी भरवशाची आहे का, हा एक. विकताना तिला भाव येईल का, हा दुसरा. पहिला प्रश्न यंत्राचा आहे, दुसरा बाजाराचा. दोहोंची उत्तरे पुष्कळदा जुळतात, पण नेहमीच जुळतात असे नाही. ती कोठे जुळत नाहीत ते आपण पाहू.

एक काळ असा होता की हा प्रश्नच पडत नसे. १९५० आणि १९६० च्या दशकांत आपल्या देशात निवडीला फारसा वावच नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, एवढीच काय ती निवड. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मागणी जास्त, पुरवठा तुटपुंजा आणि किमतीवर सरकारी नियंत्रण. त्यामुळे वापरलेली गाडीसुद्धा चांगल्या भावाने जाई. तो भाव गाडीच्या गुणांचा नव्हता, टंचाईचा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे १९९० नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि टंचाई संपली. तेव्हापासून जुन्या गाडीला येणारा भाव खऱ्या अर्थाने नावाचा भाव झाला.

आता हे नाव नेमके काय काम करते? याचा सुरेख उलगडा जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका छोट्या निबंधात केला. या निबंधाचा विषयच जुन्या मोटारींचा बाजार हा होता. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. २००१ मध्ये अकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे याच निबंधाची पुण्याई होती. त्यांचे म्हणणे साधे आहे. जुनी गाडी चांगली की खराब, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो ती घरीच ठेवतो. खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने विकतो. हळूहळू बाजारात खराब मालाचे प्रमाण वाढते आणि भाव आणखी उतरतो. आपल्या बैलबाजारात हीच गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. "बैल एवढा चांगला, मग विकतोस कशाला?" हा तिथला पहिला सवाल असतो.

बैलाचे दात मोजता येतात. इंजिनाचे दात कसे मोजणार? अशा वेळी घेणारा ओळखीच्या नावाचा आधार घेतो. या नावाच्या गाड्या सहसा दगा देत नाहीत, असा समज पसरला की त्या नावाला जास्त पैसे पडतात. म्हणजे नाव हे एक प्रकारचे जामीनपत्र झाले.

पण जामीनपत्र आणि माल या वेगळ्या वस्तू आहेत, बरं का. कॅलिफोर्नियात फ्रिमाँट येथे टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी १९८४ पासून एक सामायिक कारखाना चालवला. तेथे टोयोटाची कोरोला आणि जनरल मोटर्सची प्रिझम या जवळजवळ एकसारख्या गाड्या त्याच कामगारांच्या हातून तयार होत. तरी जुन्या बाजारात प्रिझमला कोरोलापेक्षा कमी भाव येई. आपल्याकडचे उदाहरण घ्या. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन एका काळी मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि खुद्द फियाटच्या पुंटोमध्येही होते. इंजिन एकच; पण जुन्या बाजारात स्विफ्टला गिऱ्हाईक चटकन मिळे आणि ज्या कंपनीने ते इंजिन घडवले तिच्या पुंटोला मिळत नसे.

असे का व्हावे? कारण भरवसा हा केवळ यंत्रावर बसत नाही, यंत्रामागच्या व्यवस्थेवर बसतो. मुंबईचा टॅक्सीवाला फियाटला, म्हणजे पुढच्या काळातल्या प्रीमियर पद्मिनीला, इतकी वर्षे धरून राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ती गाडी कधी बिघडतच नसे असे कोणीही म्हणणार नाही. पण बिघडली तर गल्लीच्या तोंडाशी तिचा जाणकार फिटर होता आणि सुटा भाग जवळच्या दुकानात मिळत होता. दुपारी बंद पडलेली गाडी संध्याकाळी धंद्याला लागत असे. गाडी किती वेळा बिघडते याच्याइतकेच, बिघडल्यावर किती दिवस उभी राहते, हेही महत्त्वाचे आहे.

ही व्यवस्था कंपनीबरोबर येते आणि कंपनीबरोबर जाऊही शकते. शेव्हरोले गाड्यांची विक्री आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस थांबली. फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. डॅटसन २०२२ मध्ये गेली. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी कोणाच्याही गाडीतला एक स्क्रूसुद्धा ढिला झालेला नव्हता. सेवा आणि सुटे भाग पुढेही मिळतील, असे आश्वासनही दिले गेले. पण पुढे फिटर मिळेल ना, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात शिरली आणि मालकाच्या हातातला भाव उतरला.

विम्याच्या कोष्टकात मात्र कंपनीकंपनीत भेद नसतो. आपल्याकडच्या रूढ कोष्टकाप्रमाणे पहिल्या ६ महिन्यांपर्यंत गाडीची किंमत ५ टक्के घटलेली धरतात, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ वर्षांपर्यंत ३०, ४ वर्षांपर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. ही एक सोयीची मोजपट्टी समजा. आपण घेणार ती गाडी ५ वर्षांनंतर बाजारात निम्म्याहून जास्त आणते की कमी, हे नवी घेण्यापूर्वीच जुन्या बाजारात जाऊन पाहावे. मोठी सूट देऊन नवी गाडी विकली जात असेल तर जुनीचा भावही तेवढा खाली येणार, हे ओघानेच आले.

आता थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. एक गाडी नावाजलेली, किंमत ८ लाख. दुसरी तितकीच मजबूत, पण नाव कमी; किंमत ७ लाख २० हजार. ७ वर्षांनी पहिली साडेतीन लाखांना गेली आणि दुसरी २ लाख २० हजारांना. पहिलीत आपले साडेचार लाख गेले, दुसरीत ५ लाख. वर्षाला सुमारे ७ हजारांचा फरक. नावाजलेली गाडी फायद्याची ठरली. पण दोन्ही १४ वर्षे वापरल्या, आणि शेवटी पहिलीचे १ लाख व दुसरीचे ६० हजार आले, तर? पहिलीचा खर्च वर्षाला ५० हजार पडला, दुसरीचा सुमारे ४७ हजार. पारडे फिरले! म्हणजे चार-सहा वर्षांत गाडी बदलणाऱ्याने विक्रीच्या भावाकडे जरूर पाहावे. गाडी झिजेपर्यंत वापरणाऱ्याने त्या भावासाठी आधीच जादा पैसे मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या सोयीसाठी आपला खिसा रिकामा करणे होय. आणि जुनीच गाडी घ्यायची असेल तर न्याय उलटा लागतो. ज्या गाडीला भाव नाही, पण जिचे यंत्र चांगले आहे आणि फिटर आपल्या गावात आहे, ती स्वस्तात मिळालेली गाडी हा उत्तम सौदा.

मग चौकशी करावी कशी? परदेशात यासाठी अहवाल निघतात; अमेरिकेत ग्राहक मासिकाचे, जर्मनीत तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेचे. ते वाचावेत, पण तिथले रस्ते निराळे, हवा निराळी आणि पुष्कळदा गाडीचे इंजिनही निराळे. त्याहून आपल्या गावातल्या जुन्या फिटरकडे जा. "कुठली गाडी चांगली?" असे विचारू नका. "तुमच्याकडे कुठली गाडी कोणत्या कामासाठी वारंवार येते, आणि कुठल्या गाडीचा भाग यायला महिना लागतो?" असे विचारा. क्लच, पुढचा दिवा आणि बंपर या तीन वस्तूंच्या किमती दुकानात विचारून या. भाड्याने गाडी चालवणाऱ्याशी बोला. लाख किलोमीटरनंतर काय होते ते तो सांगू शकतो. आणखी एक. कंपनी चांगली म्हणजे तिची प्रत्येक गाडी चांगली असे नव्हे. अगदी नवे मॉडेल आले की वर्षभर थांबावे. त्यातले दोष तेवढ्यात बाहेर पडतात.

इंधनाचाही विचार करायला हवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, आणि चांगल्या चालणाऱ्या गाड्यांची किंमत एका आदेशाने उतरली. विजेच्या गाडीत बॅटरी हाच मोठा खर्च. अनेक कंपन्या बॅटरीची ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. ही हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे कागदावर वाचूनच घ्यावे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच हातात उरते. वेळेवर केलेली दुरुस्ती, जपून ठेवलेल्या पावत्या, भरलेला विमा, कर्ज फिटल्यावर आरसी पुस्तकावरून उतरवलेला बोजा, यांनी कमी नावाच्या गाडीलाही भाव येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला काढता येते. मीटर मागे फिरवता येतो. दलाल त्याला व्यवहार म्हणेल. पण ही गाडी घेणारा कोण असतो? बहुधा आपल्याहून कमी ऐपतीचा माणूस. पहिल्यांदाच गाडी घेणारा, किंवा तिच्यावर पोट भरू पाहणारा. त्याची साठवलेली पुंजी त्या गाडीत असते. जामीनपत्र कंपनीच्या नावाचे असले तरी विक्रीच्या कागदावर सही आपली असते. गाडीत जे जे मोडले, बदलले, ते त्याला आधीच सांगा. त्यापायी चार पैसे कमी आले तर येऊ द्या.