मुलीची फी आणि आईचा दाखला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाचे वाण वाटण्यापलीकडे मंडळात मी कधी पुढे आले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे कळले ते चारजणींना सांगा," म्हणून उभी आहे. चूकभूल झाल्यास सांभाळून घ्यावी.

माझी थोरली मुलगी २०२१ साली बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. इंजिनियरिंगला तिचा नंबरही लागला. फीचा आकडा ऐकून आमच्याकडे रात्रभर कोणाला झोप आली नाही. शेवटी आम्ही तिला सांगितले, "बी.ए. कर." ती एक शब्द बोलली नाही. सगळी कागदपत्रे पिशवीत घालून तिने ट्रंकेत ठेवून दिली.

वर्षभराने कळले की, त्याही वेळी आमच्यासारख्या घरांना शिक्षण शुल्क निम्मे माफ होते. उरलेल्याची जुळवाजुळव आम्ही केली असती. सवलत होती, पण आम्ही चौकशी केली नाही, दाखला काढला नाही. ही रुखरुख मला जन्मभर पुरेल.

भगिनींनो, सवलती आज आलेल्या नाहीत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली गरिबांच्या मुलांसाठी ई.बी.सी.ची फीमाफी सुरू झाली. देणगी घेऊन प्रवेश देऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९८७ साली झाला. खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवायला प्राधिकरण नेमणारा कायदा २०१५ चा. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर प्रवेश घेतला तर ही माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत.

त्याच वर्षी माझ्या धाकटीचा नंबर लागला. या खेपेला मी मे महिन्यातच सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाचा दाखला काढून ठेवला होता. तरी कॉलेजातले कारकून म्हणाले, "आधी सगळी फी भरा. सरकारकडून आली की परत देऊ." माझे पाय लटपटले. पण शासन निर्णयाची प्रत पिशवीत होती. मी म्हटले, "भाऊ, मला इंग्रजी येत नाही, पण हे मराठीत आहे. एवढे वाचून दाखवा." ते प्राचार्यांकडे गेले. अर्ध्या तासाने माफीची रक्कम वगळून पावती हातात पडली. घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली आणि मग पुष्कळ रडले.

आता खरे तेही सांगते. फी माफ म्हणजे सगळे फुकट नव्हे. विकास शुल्क, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च, पुस्तके हे आपल्यालाच करावे लागते. त्यासाठी आतापासून भिशीतले चार पैसे बाजूला काढा. मुलीच्या लग्नासाठी आपण काढतोच की!

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर वर्षी मे महिन्यात एक दिवस हॉल उघडा ठेवावा. ज्यांची मुले बारावीला आहेत त्यांनी राशनकार्ड, आधारकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यावे. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेयरचा, ज्याला जो लागेल तो दाखला कोठे आणि कसा काढायचा, हे तेथे समजावून द्यावे. निकालानंतर धावपळ केली तर तहसील कचेरीच्या रांगेत मुदत निघून जाते. नियम दर वर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचा कागद पाहूनच सांगावे.

अर्ज भरून द्यायला माझी थोरली बसणार आहे. मी तिला सांगितले नव्हते, तिने आपण होऊन विचारले. ट्रंकेतली पिशवी तिने परवा बाहेर काढली आणि म्हणाली, "आई, कोणकोणते कागद लागतात ते माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?"

यापुढे मला बोलवत नाही.