क्रोशाचीं खेळणीं

मराठी घरांत क्रोशाची सुई नवी नाहीं. दारावरचें तोरण, ताटावरचा रुमाल, तान्ह्या मुलाचें टोपरें हीं तिचीं जुनीं कामें होत. परंतु ज्या हातांस रुमाल उत्तम साधतो, त्यांनीं प्रथमच ससा किंवा अस्वल विणावयास घेतलें म्हणजे बहुधा फसगत होते. आकार जमतो, पण आंतला कापूस टांक्यांमधून डोकावूं लागतो. याचें कारण हाताची कुचराई हें नव्हे. दोन कामांचा धर्मच भिन्न आहे. जाळीच्या कामांत छिद्र हें भूषण असतें. खेळण्यांत तेंच दूषण ठरतें. एवढी गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व नियम सहज उलगडतात.

पहिला नियम सुईचा. ज्या लोकरीस एरवीं ४ मिलिमीटरची सुई लागते, तिचें खेळणें करतांना २.५ ते ३ मिलिमीटरची घ्यावी, म्हणजे वीण दाट येते. टांका एकच पुरतो, तो म्हणजे मुका खांब. उंच खांबांत फटी राहतात. आरंभीं लोकर फिकट रंगाची व गुळगुळीत असावी. काळ्या किंवा केसाळ लोकरींत टांके दिसत नाहींत, आणि जे दिसत नाहींत ते मोजतां येत नाहींत.

दुसरा नियम आकाराचा. एकोणिसाव्या शतकांत पनवेल हें गांव बैलगाड्या व त्यांचीं चाकें यांसाठीं नांवाजलेलें होतें. चाकाची रचना जशी मधल्या तुंब्यापासून बाहेर पसरते, तसेंच हें विणकामही मध्यापासून वाढत जातें. सरकत्या फांसांत ६ मुके खांब घालून फांस ओढून घ्यावा, म्हणजे मध्यें भोंक उरत नाहीं. दुसऱ्या फेऱ्यांत प्रत्येक टांक्यांत दोन विणून १२ टांके करावे. तिसऱ्यांत दर दुसऱ्या टांक्यांत दोन विणून १८, व चौथ्यांत दर तिसऱ्या टांक्यांत दोन विणून २४ करावे. येथवर चाकासारखी सपाट चकती होते. वाढ थांबवून २४ टांक्यांचेच चार फेरे घातले कीं कांठ वळतो व वाटी बनते. मग दोन टांके एकत्र विणून दर फेऱ्यास सहा घटवावे: १८, १२ व शेवटीं ६. झाला चेंडू. नवशिक्यानें प्रथम हा चेंडूच करावा. कारण सशाचें डोकें काय किंवा अस्वलाचें पोट काय, तो लहानमोठा, लांबट चेंडूच असतो. फेरे गोगलगाईच्या शंखाप्रमाणें अखंड चालतात; म्हणून प्रत्येक फेऱ्याच्या पहिल्या टांक्यांत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा व फेरा संपतांच टांके मोजावे. या कलेस आज जगभर ‘अमिगुरुमी’ हें जपानी नांव रूढ आहे. पण तिचें मर्म हें मोजणेंच आहे.

तिसरा नियम भरणाचा. १२ टांके उरले असतां, तोंड बंद करण्यापूर्वीं, थोडें थोडें भरण घालावें. एकदम गोळा कोंबल्यास गांठी होतात. सांवरीचा कापूस उशीस उत्तम, परंतु तो निसरडा व भुरभुरीत असल्यानें लहानशा फटींतूनही बाहेर पडतो. शिवाय पनवेलसारख्या कोंकणच्या गांवीं आषाढ-श्रावणांत धुतलेलें कापसाचें खेळणें लवकर वाळत नाहीं व आंतून बुरसतें. याकरितां धुतां येणारा, लवकर सुकणारा पॉलिएस्टरचा कापूस सोयीचा पडतो.

चौथा नियम डोळ्यांचा. आणि हा सर्वांत गंभीर होय. मूल खेळण्याची परीक्षा तोंडानें करतें. शिवलेलें बटण किंवा मणी निसटला तर तो घशांत अडकून श्वास कोंडूं शकतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासावयास ३१.७ मिलिमीटर व्यासाचें एक नळकांडें वापरतात. त्यांत पूर्णपणें मावेल तो भाग घातक समजतात. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. नोंदणीकृत हस्तकारागिरांस मात्र सूट आहे. घरीं विणलेल्या खेळण्यास कोणी तपासनीस येत नाहीं. विणणारीनेंच तें काम करावयाचें असतें. म्हणून तान्ह्या मुलाच्या सशाचे डोळे दोऱ्यानेंच भरावे. कान व पाय दुहेरी दोऱ्यानें, सभोंवार टांके घालून शिवावे, व दोऱ्याचीं टोकें आंत ओंवून टाकावीं.

खेळणें पुरें झाल्यावर तें उजेडासमोर धरून पाहावें, प्रत्येक अवयव जोरानें ओढावा, एकदां धुऊन वाळवावें. कांहीं सैल आढळल्यास तेवढें उसवून पुन्हां शिवावें. क्रोशाची वीण धागा ओढतांच उसवते, हा तिचा दोष नसून नवशिक्यावरील उपकार आहे. पहिला चेंडू वांकडा झाला तरी त्याची लोकर वायां जात नाहीं. दुसरा चेंडू त्याच लोकरीचा होतो.